नानांना गावात कुणीच ओळखत नव्हतं

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळात चोपडा गावातला एकही सभ्य माणूस बिअर पीत नव्हता. शिक्षक पीत नव्हते, डॉक्टर पीत नव्हते, कापडवाले, खतवाले, केळीचे बागाईतदार, कोणी म्हणजे कोणी पीत नव्हतं. आणि तरीही काशिनाथनानांच्या बारमध्ये रोज संध्याकाळी टेबल मिळायची मारामार असे. हे गणित ज्यांना सुटेल त्यांनी कृपया कळवावं. मी बँकेतला माणूस असूनही मला ते कधी सुटलं नाही.

बँकेने मला जळगावहून चोपड्याला बदलीवर धाडलं तेव्हा ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं. बायको-मुलं जळगावात, मी इथे एका खोलीत. पहिल्याच आठवड्यात उन्हं कलल्यावर खोलीवर परतत होतो, तर पिठाच्या गिरणीच्या गल्लीत हायस्कूलचे मुख्याध्यापक देसले सर दिसले. हातात दळणाचा डबा! एवढा मोठा माणूस, तालुक्याच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष, स्वतःच्या हाताने दळण नेतोय. मी भारावलो. तेवढ्यात त्यांच्यामागून कापड दुकानदार वाणीशेठ आले. त्यांच्याही हातात डबा. मागून आणखी दोघे, डबे घेऊन. मला वाटलं, काय हे गाव! जळगावात स्त्रियांच्या कष्टांवर व्याख्यानं होतात, इथे पुरुष सरळ कामाला लागलेत.

मी सरांना वाकून नमस्कार केला. सर दचकले, इकडेतिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुमच्याकडे डबा नाही?"

"नाही सर. मी खाणावळीत जेवतो."

"मग एक घेऊन ठेवा. रिकाम्या हाताने या गल्लीत दिसणं बरं नाही."

गिरणीच्या आतल्या बाजूला एक दार होतं. त्या दारातून गेलं की निंबाखालचं अंगण, आणि अंगण ओलांडलं की नानांचा बार. बारला रस्त्याकडून रीतसर पुढचं दार होतं, पाटी होती, पाटीवर 'थंडावा' असं नावही होतं. पण त्या दाराने फक्त परगावचे लोक आणि ट्रकवाले यायचे. गावातली सभ्य माणसं डबा गिरणीवाल्या रामदासकडे द्यायची, दळण होईस्तोवर आत बसायची आणि पीठ घेऊन घरी जायची. सरांच्या घरात चार माणसं, पण पीठ असायचं मंगल कार्यालयाला पुरेल एवढं. वाणीशेठ तर एकदा घाईघाईत आदल्या दिवशीचं पीठच पुन्हा दळायला घेऊन आले होते. रामदासने तेही दळलं. तो विचारत नसे.

आणि आत काय होतं म्हणता? आत थंडावा होता. खानदेशातल्या वैशाखात हा शब्द किती मोठा आहे, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला समजणार नाही. नानांच्या वडिलांचा तिथे गोळी सोड्याचा कारखाना होता. त्या बुटक्या, जाड भिंतींच्या खोलीत नानांनी पाच टेबलं मांडली होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका. कोपऱ्यात ओल्या वाळूची हौद भरून गादी, तीत मानेपर्यंत पुरलेल्या बाटल्या. वीज गेली तरी बाटली गार. खुर्च्या सगळ्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे दारातून आलेल्याला नुसत्या पाठी दिसाव्यात. गावातल्या प्रतिष्ठित पाठी मी तिथे इतक्या जवळून ओळखायला शिकलो की पुढे सभेत व्यासपीठावर मागून बघूनही सांगायचो, हे अमुकराव.

नाना स्वतः उंच, काटकुळे. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यावर पंचा. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटावं, हे सोसायटीचे चेअरमन किंवा देवळाचे विश्वस्त. आयुष्यात बिअरचा थेंब घेतला नव्हता. का, तर उचकी लागते. आणि ओततानाची त्यांची तऱ्हा! पेला तिरपा धरायचा, बाटली त्याच्या कडेला लावायची आणि मान वळवून भिंतीकडे बघत ओतायची. फेस बरोबर कडेपर्यंत येऊन थांबायचा, सांडायचा नाही, पण नाना बघायचे नाहीत. जणू हे काम दुसराच कोणी करतोय, आणि आपण सहज शेजारी उभे आहोत.

त्यांचं पालुपद एकच: "माझंच चुकलं, भाऊ." बाटली जरा कोमट लागली, "माझंच चुकलं." वीज गेली, "माझंच चुकलं." एकदा भारत क्रिकेटमध्ये हरला, रेडिओवर सगळे चरफडत होते, तर नानांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "माझंच चुकलं, लावायलाच नको होता."

माणशी दोन बाटल्या, हा कायदा. तिसरी मागितली की नाना ऐकू न आल्यासारखं आत जायचे आणि घेऊन यायचे बिबड्या. ज्वारीच्या या पापड्या अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, निखाऱ्यावर भाजून द्यायच्या. सोबत कच्चा कांदा आणि घरी केलेला आल्याचा सोडा. "हे घ्या, पोटात बसेल," म्हणायचे. एकदा एक बागाईतदार केळीच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीचे, पैसे खिशात घेऊन आला आणि अडून बसला. "नाना, मी पैसे देतो, तुमचं काय जातं?" नाना त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "माझं काहीच जात नाही, भाऊ. पण तुमच्या घरी कोणी जेवायचं थांबलेलं असतं ना." बागाईतदाराने सोडा प्यायला आणि गुपचूप पीठ उचलून गेला. घाईत तो वाणीशेठचं पीठ घेऊन गेला, ती गोष्ट वेगळी.

आता या माणसाच्या मनात काय चाललेलं असे, ते मला एका दुपारी कळलं. बँकेला सुट्टी होती, मी एकटाच बसलो होतो. पुढच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात चप्पल. कुठल्या तरी ट्रकवाल्याची बायको असावी. तिने दारातूनच नानांना असं काही झोडपायला सुरुवात केली की वाळ्याचा पडदा सुकावा. नवऱ्याला बिघडवलंत, घर बुडवलंत, तुमच्या घरात लेकीबाळी नाहीत का, सगळं. नाना टोपी हातात घेऊन, मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ती दमली, रडली आणि गेली.

मी म्हणालो, "नाना, अहो पण आज तर कोणी ट्रकवाला आलाच नाही."

"आज नाही आला, भाऊ."

"मग तुम्ही ऐकून का घेतलं?"

"परवा आला होता ना." आणि टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "जिचं घर असतं तिला बोलायचा हक्क असतो. आपण ऐकायचं."

तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं. रस्त्यात समोरून बाई आली की नाना पलीकडच्या कडेला जायचे. बाजारात भाजीवालीकडे चार बाया उभ्या असल्या तर भाजी न घेताच परतायचे. गावातल्या प्रत्येक बाईच्या घरातून आपण रोज थोडं काहीतरी चोरतो, असं त्यांना वाटे. मी म्हटलं, मग हा धंदा सोडा की. तर म्हणाले, "गोळी सोड्याने घर चालेना, भाऊ. शैला लहान होती. लायसन मिळालं, घेतलं. आता सोडून काय करू?"

शैला ही त्यांची एकुलती एक मुलगी.

ही हकीकत फार गंभीर व्हायला लागली. म्हणून आता दादरच्या बिअरकडे वळतो.

एका उन्हाळ्यात नानांच्या डोक्यात आलं की कंपनीची बिअर लोकांना बाधते, कारण तिच्यात काय असतं हे कुणालाच माहीत नसतं. आपण घरची करावी. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती भिजवली, मोड आणले, उन्हात वाळवली, रामदासकडून भरड काढली. (गिरणीचा तेवढा एक खरा उपयोग मी पाहिला.) सातपुड्याच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्याकडून आंबवायची युक्ती आणली. गोडीला गूळ, कडूपणाला अंगणातल्या निंबाची कोवळी साल. हे सगळं वडिलांच्या जुन्या गोळी सोड्याच्या बाटल्यांत भरून माळ्यावर ठेवलं. वर माळा, माळ्यावर पत्रा, पत्र्यावर मे महिना.

चौथ्या-पाचव्या दिवशी दारूबंदी खात्याचे साहेब तपासणीला आले. जाडजूड, मिशीवाले. खुर्चीत बसून कागद बघत होते आणि माळ्यावर पहिली बाटली फुटली. ठो! साहेब उभे. मग दुसरी. मग एकदम चार. गिरणीत रामदास जात्याखाली शिरला. गल्लीतल्या एका म्हातारीला वाटलं वरात आली, ती अक्षता घेऊन बाहेर आली. माळ्यावरून साहेबांच्या टोपीवर दादरच्या बिअरची संततधार लागली.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, साहेब, व्हिनेगर आहे, औषध आहे. नाना पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, माझंच चुकलं. घरी बिअर केली होती."

हा सरळ गुन्हा होता. आम्ही पाठी आणखी भिंतीकडे केल्या. साहेबांनी कडक आवाजात विचारलं, "एखादी शिल्लक आहे?" एक होती. "आणा, पुरावा म्हणून लागेल." पुरावा आणला. साहेबांनी वास घेतला. एक घोट घेतला. डोळे मिटले. आमच्याकडे बघून, माणुसकीला जागून, सरांना आणि मला अर्धा अर्धा पेला दिला. भाकरीचा पापुद्रा तव्यावर करपतो ना, तसा वास होता. आणि गिळल्यावर मागून हळूच निंब यायचा. त्यानंतर साहेबांनी उरलेला पुरावा संपवला, बाटली पालथी केली आणि म्हणाले, "पुराव्याअभावी काही करता येत नाही." दारापर्यंत गेले, वळले. "दुसरी खरंच नाही?"

पुढे मोठ्या शहरांत तांब्याच्या टाक्या दाखवून हातगाळीची बिअर विकणारी दुकानं निघाली. मुलाने मला एकदा नेलंही. फार छान होतं सगळं. पण ओतणारा पोरगा पेल्याकडे टक लावून बघत होता. मला ते कसंतरीच वाटलं.

नानांनी परत कधी बिअर केली नाही. साहेबांच्या नोकरीवर आलं असतं, म्हणाले.

शैला बी.ए. झाली. मुलगी हुशार, दिसायला नीटस, अक्कांसारखी कामाला वाघ. पण दोन स्थळं येऊन गेली आणि दोन्ही वेळा तेच झालं. मुलगी पसंत, घर पसंत, मग कोणीतरी विचारायचं, वडील काय करतात. नाना सांगायचे. पोह्यांच्या बशा अर्ध्या राहायच्या. दुसरं स्थळ गेलं त्या दिवशी नाना बार बंद ठेवून अंगणात निंबाखाली बसले होते. आम्ही डबे घेऊन गेलो, तर म्हणाले, "आज माफी द्या. माझंच चुकलं." त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणताना त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

तिसरं स्थळ धुळ्याचं आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. या वेळी नानांनी पाहुणे बसायच्या आतच सांगून टाकलं, "माझा बिअर बार आहे. आधी ऐका, मग पाणी घ्या." मुलाचे मामा मोठे मोकळे गृहस्थ. म्हणाले, "नाना, धंदा धंद्याच्या जागी. आम्हाला माणूस बघायचा. रीतीप्रमाणे चार ठिकाणी चौकशी करू, माणूस चांगला निघाला तर सुपारी फोडू." मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं होतं. शैलाने, अक्का सांगत होत्या, त्या दिवशी दोनदा चहात मीठ टाकलं.

आणि मामा चौकशीला निघाले.

आमच्याकडे सोयरिकीची चौकशी म्हणजे कोर्टापेक्षा मोठी. गावातली वजनदार माणसं गाठायची, सहज विषय काढायचा आणि चेहरा वाचायचा. मामा आधी हायस्कुलात गेले. देसले सरांना म्हणाले, काशिनाथनाना कसे आहेत, ते बारवाले? आता सरांच्या खोलीत त्या वेळी शिपाई होता, दोन शिक्षक होते, भिंतीवर 'व्यसनाला नाही म्हणा' अशी मुलांनी रंगवलेली पाटी होती. सर म्हणाले, "बार? आपल्या गावात बार आहे?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सर पडले नाट्यवेडे. त्यांनी शिपायाला विचारलं, "काय रे, आहे का बार? कुठे आहे?"

मामा वाणीशेठकडे गेले. दुकानात बायकांची गर्दी. वाणीशेठनी कानाला हात लावले. "आम्ही माळकरी माणसं, त्या रस्त्याने आमचं जाणं नाही." मामा बँकेत आले. माझ्या टेबलासमोर आमच्याच गल्लीतल्या काकू पासबुक घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, बदलीवर आलोय, गावात फारसा कुणाला ओळखत नाही. शेवटी मामा हताश होऊन रामदासच्या गिरणीत गेले. बारच्या आणि गिरणीच्या मध्ये फक्त एक अंगण! रामदासने पट्टा थांबवला, तोंडावरचं फडकं काढलं आणि म्हणाला, "पिठामुळे मला इकडचं तिकडे काही दिसत नाही, साहेब."

दोन दिवसांनी आम्ही तिघे, सर, वाणीशेठ आणि मी, आपापल्या भिंतीकडे बघत बसलो होतो. नाना नेहमीसारखे आले, मान वळवून बिअर ओतली, गेले. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि अक्का बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांना बारमध्ये पाऊल ठेवताना कोणी पाहिलं नव्हतं. हातात बिबड्यांची ताटली. ती आमच्यासमोर आदळून म्हणाल्या, "खा. उद्यापासून निवांत खा. लगीन मोडनं."

सरांनी पेला खाली ठेवला.

"मामा घरी आले होते," अक्का सांगायला लागल्या. "म्हणाले, नाना, तुम्ही वाईट आहात असं कोणी म्हटलं असतं तर आम्ही आणखी चार ठिकाणी विचारलं असतं. पण सगळा जन्म एका गावात काढला आणि गाव म्हणतं आम्ही ओळखत नाही. अशा माणसाच्या घरची मुलगी करणार कशी? आन् हे!" त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "हे म्हणतस, खरं शे, मी फारसा बाहेर निघत नही. मी मागून खुणा करू, अहो, नावं सांगा, तीनच नावं सांगा! तर मले म्हणतस, गिऱ्हाईकाचं नाव घ्यायचं नही. अरे, पोर कोनी शे? गिऱ्हाईकनी, का तुमनी?"

अक्का आत गेल्या. त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली तिला थंडावा म्हणता येणार नाही. बिअर समोर होती आणि कोणी पेल्याला हात लावत नव्हतं. मी आजवर पुष्कळदा लाज वाटल्याचा अभिनय केला आहे, मला तो चांगला येतो. त्या दिवशी अभिनय करावा लागला नाही. नाना आले. आमचे भरलेले पेले बघून म्हणाले, "गार नाही वाटतं? माझंच चुकलं."

वाणीशेठ रडायलाच लागले.

रविवारी आम्ही तिघे अमळनेरमार्गे धुळ्याच्या एस.टी.त बसलो. घरी सरांनी मुख्याध्यापकांची बैठक सांगितली, वाणीशेठनी खरेदी सांगितली. बोलायचं कोणी, हे ठरलं नव्हतं. अमळनेरच्या स्टँडवर सर म्हणाले, "मला वाटतं, बँकेच्या माणसाच्या शब्दाला वजन असतं." मी म्हणालो, "शिक्षकाच्या शब्दाला जास्त." वाणीशेठ म्हणाले, "मी उतरून केळी घेऊन येतो," आणि आम्ही त्यांचा शर्ट धरून ठेवला, कारण गाडी सुटेपर्यंत ते परत आले नसते.

धुळ्याला ओसरीवर मुलाचे आजोबा, आबा, बसले होते. शेजारी मामा. आतल्या दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजत होत्या. म्हणजे घरातला सगळा स्त्रीवर्ग हजर होता. आम्ही नानांची स्तुती सुरू केली. काय सुरेख बोललो! सज्जन, निर्व्यसनी, शब्दाचे पक्के. असं ऐकून आहोत. असं लोक म्हणतात. तसा प्रत्यक्ष संबंध नाही.

आबांनी चष्म्यातून आम्हाला एकेक करून बघितलं. "बठ्ठं गाव म्हनस, आमले माहीत नही. मंग तुमले कसं माहीत शे?"

मामा म्हणाले, "सर, तुम्ही तर मला विचारत होतात की बार कुठे आहे."

सर लालबुंद झाले. मग इतक्या वर्षांचं पोटात साठलेलं एकदम वर आलं. "अहो आबा, किती वर्षं तिसरी बाटली मागतोय मी त्या माणसाकडे! कधी दिली नाही हो, कधीच दिली नाही! प्रत्येक वेळी पापड आणून देतो!"

पडद्याआड बांगड्या थांबल्या. वाणीशेठनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "मलापण." मीही हात वर केला.

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग त्यांनी मामांना विचारलं, "तू त्याना घर गया, तव्हय त्यानी यासनी नावं सांगी का?"

"नाही, आबा."

"सोयरीक मोडी, तरी बी नही?"

"नाही."

आबांनी पानाचा डबा पुढे ओढला. "जो मानूस गावनं झाकी ठेवस, त्यानी पोर आमना घरनं बी झाकी ठेवी. सुपारी काढा."

साखरपुडा झाला. आमचं बिंग अर्थातच आमच्या आधी चोपड्याला पोहोचलं. धुळ्याच्या त्या पडद्याआड सरांच्या सौभाग्यवतींची, म्हणजे वत्सलाताईंची, मावसबहीण होती. सर म्हणाले, घरी गेलो तर ही काहीच बोलली नाही. वाढलं, जेवलो, झोपलो. याची त्यांना अधिक भीती वाटत होती. समितीच्या अध्यक्षपदाचा त्यांनी राजीनामा दिला. तो कोणी स्वीकारला नाही, कारण स्वीकारायला बसलेले सगळेच सभासद आपल्या डब्यांची काळजी करत होते.

पण नाना काही सुखात नव्हते. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला सांगितलं, "लेकीला निरोप दिला की कुलूप. लायसन परत करणार."

"का हो नाना? आता तर सगळं नीट झालं."

"माझं झालं. गावातल्या मायबहिणींचं काय? इतकी वर्षं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही मी. तुम्ही माझ्यासाठी तुमची घरं उघडी पाडली. त्या बायांनी माझ्या पोरीला शिव्याशाप दिले नाहीत, हेच खूप."

लग्न हायस्कूलच्या पटांगणात झालं. सरांनीच दिलं ते. मांडवात अख्खं गाव लोटलं, आणि गावातली ती सगळी वजनदार माणसं या वेळी पुढच्या दाराने आली, सहकुटुंब, रिकाम्या हातांनी. नाना मांडवाच्या तोंडाशी उभे. नवा फेटा, जोडलेले हात, नजर जमिनीवर. पुरुष आले की हसत, बायका आल्या की मान आणखी खाली. मी शेजारीच होतो. बायकांच्या पावलांवरूनच ते त्यांना ओळखत असावेत.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची तयारी सुरू झाली. शैला गळ्यात पडून रडली, नाना रडले, बँडवालेही दमून थांबले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वत्सलाताई निघाल्या आणि सरळ नानांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मागून वाणीशेठच्या घरच्या, आणखी सात-आठजणी. सर एका खांबामागे गेले.

वत्सलाताईंनी विचारलं, "नाना, तुम्ही बार बंद करताय म्हणे. खरं का?"

नानांनी फेटा काढून हातात घेतला. इतक्या वर्षांचं देणं फेडायची वेळ एकदाची आली, आता ऐकायचं, अशा तयारीने ते उभे राहिले. "खरं आहे, ताई," ते म्हणाले. आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी मान वर करून एका गिऱ्हाईकाच्या बायकोकडे नीट पाहिलं.

वत्सलाताईंचा चेहरा संतापाने लाल झाला होता. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "खबरदार, नाना, कुलूप लावलंत तर! हे रोज संध्याकाळी घरात बसायला लागले, तर मी जाऊ कुठे?"